भारतात दोन प्रमाणवेळा हव्यात का? माझं मत: हव्यात, पण दुसरी फक्त ईशान्येसाठी

देशभर एकच घड्याळ सोयीचं असताना दुसरी प्रमाणवेळ आणून गोंधळ कशाला वाढवायचा, असं विचारलं जातं. सोय आहेच, पण कोणाची? कच्छपासून अरुणाचलपर्यंत देश सुमारे २९ रेखांश पसरलाय. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर दोन टोकांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचं अंतर पडतं. आपली वेळ मात्र उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारला सूर्य वर येतो आणि कचेऱ्या उघडेपर्यंत चार-पाच तासांचा उजेड वाया गेलेला असतो. डिसेंबरात साडेचारलाच मावळतो, मग दिवे लावून काम.

बांगलादेशाची वेळ आपल्या अर्धा तास पुढे आहे. कोलकात्याहून ढाक्याला गेलात तर घड्याळ पुढे करायचं, आणि तिथून आणखी पूर्वेला आगरतळ्यात शिरलात की पुन्हा मागे! हे मला कधीच पटलेलं नाही. आसामातल्या चहामळ्यांनी तर इंग्रजांच्या काळापासून एक तास पुढचा ‘बागान टाइम’ पाळलाय. चीनने सगळ्या देशाला बीजिंगची वेळ लावली, तरी पार पश्चिमेच्या शिनजियांगमध्ये बरेच लोक दोन तास मागची स्थानिक वेळच धरून चालतात.

दोन घड्याळांच्या गोंधळात रेल्वे अपघात होतील, ही भीती नेहमी पुढे येते. पण गाड्या कोणत्या घड्याळावर चालवायच्या, हा रेल्वेचा आतला प्रश्न आहे. अकरा प्रमाणवेळा असलेल्या रशियात २०१८ पर्यंत सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेनं छापलं जायचं. आपल्याकडे प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकली. एकाच शहरात दोन वेगळी घड्याळं, हे तर जास्त अवघड होतं.

सगळ्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करा, असाही एक प्रस्ताव आहे. वीज वाचेल, हा त्याचा आधार. माझा त्याला विरोध आहे. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो, तो पावणेआठला उगवेल. सकाळच्या शाळेची लहान मुलं काळोखात घराबाहेर पडणार, आणि ईशान्येच्या पदरात तरीही निम्माच न्याय.

वेगळ्या वेळेमुळे ईशान्येत फुटीरतेला बळ मिळेल, हा आक्षेप तर मला अन्यायकारक वाटतो. २०१४ मध्ये वेगळ्या वेळेची मागणी करणारे तरुण गोगोई हे आसामचे मुख्यमंत्री होते. आणि देशाची प्रमाणवेळ जी सांभाळते, त्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्याच शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला: आसाम-बंगाल सीमेजवळ रेषा आणि तिच्या पूर्वेला एक तास पुढे. तिथला भूभाग चिंचोळा असल्यामुळे रेषा ओलांडणारे लोहमार्गही मोजकेच आहेत.

खरी कटकट उरते ती देशभर एकाच क्षणी सुरू होणाऱ्या परीक्षांची आणि बँकांच्या व्यवहारांची. त्यासाठी हॉलतिकिटावर आणि सूचनांत दोन्ही वेळा छापाव्या लागतील, आणि पहिलं वर्षभर तरी लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहावं लागेल.