परदेशात बाईक टूर: टाकीत नेमकं काय टाकायचं?

प्रश्न: माझ्या बाईकच्या मॅन्युअलमध्ये ९५ ऑक्टेन लिहिलंय, पण अमेरिकेत पंपावर ८७, ८९, ९१ असेच आकडे असतात म्हणे. मग काय टाकायचं? इंजिनाची काळजी वाटतेय.

उत्तर: काळजी करू नका, पेट्रोल साधारण तेच असतं, मोजायची पद्धत वेगळी आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशियात बहुतेक ठिकाणी आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) हा आकडा लिहितात, अमेरिका आणि कॅनडात मात्र आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) अशा दोन टेस्टची सरासरी लिहितात, आणि एमओएनची टेस्ट जास्त कडक असल्यामुळे सरासरी चार-पाच आकड्यांनी खाली येते. म्हणजे तिथलं ८७ हे साधारण ९१ आरओएन, आणि तिथलं ९१ हे ९५-९६ च्या आसपास. तुमच्या बाईकला तिथे ९१ टाका. फक्त मॅन्युअलमधला ९५ हा आरओएनच आहे ना ते एकदा बघून घ्या.

अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत ८५ पण दिसेल, उंचावर हवा विरळ म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालून जायचं, आत्ताच्या फ्युएल इंजेक्शनच्या बाईकमध्ये ते टाकू नका. आणि उलट बाजूने, ज्या बाईकला ९१ आरओएन पुरतं तिच्यात ९८ टाकून पिकअप वाढतो हा समज सोडून द्या. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, दाबाखाली ते वेळेआधी आपोआप पेटू नये याची क्षमता, बस्स.

प्रश्न: मध्य आशियात जायचा प्लॅन आहे. तिथे काही ठिकाणी ८० ऑक्टेनच मिळतं असं ऐकलंय, ते टाकायची वेळ आली तर?

उत्तर: येऊ शकते, विशेषतः उझबेकिस्तानात, कारण तिथल्या खूप गाड्या गॅसवर चालतात आणि पंप दिसला तरी त्यात पेट्रोल असेलच असं नाही. तिकडे पंपावर एआय-८०, एआय-९२, एआय-९५ असं लिहिलेलं असतं, तो आकडा आरओएनचाच, त्यामुळे गणित करायची गरज नाही. माझा आग्रह हाच की टाकी अर्धी झाली आणि चांगलं पेट्रोल समोर आहे तर भरून घ्या, पुढच्या पंपाचा विचारच करू नका. मग नंतर ८० टाकावं लागलं तरी ते आधीच्या ९२ किंवा ९५ मध्ये मिसळतं आणि त्रास कमी होतो. नुसतं ८० वर चालवायची वेळ आलीच तर वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमवर इंजिनाला ओढायला लावू नका, एक गियर खाली ठेवा, थ्रॉटल हलका, चढावर घाई नाही, आणि इंजिनातून टकटक आवाज आला की लगेच थ्रॉटल कमी करा. नॉक सेन्सर, म्हणजे ही टकटक (नॉकिंग) ओळखणारा सेन्सर, असेल तर इंजिन स्वतःला थोडं सांभाळून घेतं पण सगळं त्याच्यावर सोडू नका. ताजिकिस्तानात पामीर हायवेवर ४,६५५ मीटरच्या आक-बैताल खिंडीसारख्या उंचीवर विरळ हवेमुळे नॉकिंग तसंही कमी होतं, तिथे मला जास्त भीती वाटते ती पेट्रोलमधल्या कचऱ्याची आणि पाण्याची. बाटलीतून, डब्यातून विकतात तिथे बारीक जाळीचं फनेल जवळ हवंच, आणि डबा थोडा वेळ स्थिर ठेवून तळातलं शेवटचं पेट्रोल टाकीत ओतू नका, पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं.

प्रश्न: पेट्रोलचा नोझल हिरवा आणि डिझेलचा काळा, हे सगळीकडे चालतं का?

उत्तर: अजिबात नाही! ब्रिटनमध्ये तसं आहे, पण अमेरिकेत हिरवा नोझल बहुतेक वेळा डिझेलचा असतो आणि जपानमध्ये तर हिरवा म्हणजे डिझेलच, साधं पेट्रोल लाल आणि हाय ऑक्टेन पिवळा. नावावरही जाऊ नका, गॅसोलिना म्हणजे पेट्रोल आणि गॅसोलिओ, गॅसॉइल म्हणजे डिझेल, आणि नाफ्ता अर्जेंटिनात पेट्रोल पण चेक प्रजासत्ताकात डिझेल. युरोपात २०१८ पासून एक चांगली सोय झालीय, पंपावर आणि नव्या गाड्यांच्या टाकीजवळ लेबल असतं, गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल (आकडा म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती टक्के इथेनॉल), चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. चुकून डिझेल गेलंच तर बाईक स्टार्ट करू नका, ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

प्रश्न: माझी जुनी कार्ब्युरेटरची बाईक आहे. ई१० चालेल का?

उत्तर: आधी कंपनीची लिस्ट बघा, कारण इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप, सील खराब होतात आणि ते हवेतलं पाणीही ओढून घेतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी ई५ वेगळं मिळतं, थोडं महाग पडतं पण तुम्ही तेच घ्या. कुठेच नाही मिळालं आणि एखादी टाकी ई१० ची गेली तर लगेच काही बिघडत नाही, फक्त ते टाकीत ठेवून बाईक महिनोन्महिने उभी करू नका. ॲव्हरेज दोन-तीन टक्के कमी पडेल, तेवढं रेंजमध्ये धरा. ई८५ ला मात्र हातही लावायचा नाही.

प्रश्न: जादा पेट्रोल किती घ्यावं?

उत्तर: सगळ्यात लांब पंप नसलेला टप्पा काढा, त्यात एक चतुर्थांश वाढवा, कारण समोरचा वारा, वाळू आणि सामान मिळून ॲव्हरेज खूप पाडतात. एवढं टाकीत मावत असेल तर कॅन नकोच. घेतलात तर पेट्रोलसाठी बनवलेलाच घ्या, काठोकाठ भरू नका, सायलेन्सरपासून लांब बांधा आणि टप्पा आला की आधी तोच टाकीत ओता. बऱ्याच फेरी बोटींवर भरलेला कॅन चालत नाही, आणि बाईक विमानाने पाठवताना टाकीही जवळपास रिकामी करावी लागते.

प्रश्न: कागदपत्रं कुठली लागतात?

उत्तर: देशागणिक बदलतं म्हणून मोठं तेवढं सांगतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या आणि १९६८ च्या कराराचं वेगवेगळं असतं, जपानला १९४९ चंच चालतं, आणि त्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते बघा, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्स हात वर करू शकतो. स्वतःची बाईक नेणार असाल तर इराण, पाकिस्तान अशा देशांसाठी कार्ने, म्हणजे ड्युटी न भरता बाईक तात्पुरती आत नेऊन परत बाहेर काढायचा कस्टमचा कागद, लागतो, आणि त्यावर बाहेर पडतानाचा शिक्का घेतल्याशिवाय बॉर्डर सोडू नका, कितीही उशीर झालेला असू दे, कारण तो शिक्का नसेल तर बाईक तिथेच विकली असं धरून कस्टम ड्युटी मागू शकतात.