पिंगुळीला जाशील तेव्हा कथा पूर्ण ऐक

पोरी,

तुझा मेसेज वाचला. लोककलांमधून सगळ्या देशाची मिळून एक ओळख दाखवायची, वारली, चित्रं दाखवत कथा गायची चित्रकथी, बंगालचे पट, राजस्थानची कापडावर रंगवलेली फड, प्रत्येकी दोन मिनिटांचा व्हिडिओ. कल्पना मला मनापासून आवडली, फक्त ते दोन मिनिटांचं तेवढं सोड असं मी म्हणेन, आणि का ते सांगते.

सुरुवात पिंगुळीपासून कर. सिंधुदुर्गात कुडाळच्या अगदी जवळ, तिथे ठाकर आदिवासी समाजाची वस्ती आहे. सावंतवाडी संस्थानाने पूर्वी या लोकांना आश्रय दिला, देवळांमधून कथा सांगायचा मान दिला, आणि त्यातून चित्रकथी टिकली. एकेका कथेची एक पोथी, पण शिवलेलं पुस्तक नाही हं, सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एक बाजू सांगून झाली की उलटायचं. कथा सांगणारा वीणा घेऊन बसतो, सोबत हुडूक हे छोटं चर्मवाद्य आणि टाळ, आणि तो गात गात, मधेच बोलत, पात्रांचे संवाद म्हणत एकेक चित्र पुढे आणतो. नुसत्या चित्राचा फोटो काढून आणलास तर अर्धीच गोष्ट आणलीस, कारण चित्र रंगवलंय तेच मुळी आवाजासाठी.

कथा रामायण-महाभारतातल्या, पण पिढ्यान् पिढ्या तोंडी आलेल्या, त्यामुळे तू पुस्तकात न वाचलेले प्रसंग त्यात येतील. तेव्हा प्लीज "पण मूळ रामायणात असं नाहीये" म्हणू नकोस. त्यांच्यासाठी तेच रामायण आहे आणि आपल्याकडे रामायण असंच गावोगाव पोचलंय, प्रत्येक ठिकाणच्या तोंडातून.

आता इथून बंगालात चल. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात नया नावाचं गाव आहे, तिथले पटुआ, म्हणजे पट रंगवून गाणारे, लांबच लांब गुंडाळी उलगडत, एकेका चौकटीवर बोट ठेवत गाणं म्हणतात, सीताहरणाचं, सापांची देवी मनसा हिचं. हे पटुआ बहुतेक मुसलमान आहेत. राजस्थानात भोपा, म्हणजे पुजारी-गायक, रावणहत्था हे तंतुवाद्य वाजवत रात्रभर पाबूजी या लोकदेवाची फड गातो, त्याची बायको भोपी दिवा धरून चित्राचा तो तो भाग उजळते. तेलंगणात चेरियालच्या पटांवर वेगवेगळ्या जातींच्या आपापल्या पुराणकथा. बघ ना, देव वेगळा, भाषा वेगळी, धर्मसुद्धा वेगळा, पण समोर चित्र ठेवून, बोट दाखवून, गाऊन सांगायची रीत तीच. पिंगुळीतला म्हातारा नयाला नेऊन बसवला तर बंगाली कळो न कळो, समोर काय चाललंय हे त्याला बरोबर कळेल. तू शोधतेयस ती सामायिक ओळख मला इथे दिसते, सगळ्यांना एकाच स्टेजवर एकसारखे फेटे बांधून उभं करण्यात नाही दिसत.

वारलीचं थोडक्यात सांगते. जिव्या सोमा मशेंनी ती कला जगभर नेली, 2011 साली पद्मश्री मिळाली त्यांना. पण कपांवर, कुर्त्यांवर जे छापून येतं त्यात लग्नात भिंतीवर काढतात तो चौक नसतो, त्यातली पालघट देवी नसते, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी नसतात. तू हे सगळं घे.

आणि पैशांचं आधीच बोलून घे. शूटिंगचे, चित्राचे, गाण्याचे वेगळे. "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य कधीच कुणासमोर उच्चारू नकोस, ज्याचं पोट या कलेवर आहे त्याला ते लागतं. व्हिडिओखाली नुसतं "पारंपरिक कला" लिहू नकोस, कोणी रंगवलं, कोणी गायलं त्यांची नावं त्यांना विचारून टाक. पिंगुळीत परशुराम गंगावणेंनी घरच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही बघायला मिळतील, पण बघून लगेच निघू नकोस, नवीन मुलं शिकतायत का, वर्षातून किती वेळा देवळात कथा होते, हे विचार, ते महत्त्वाचं आहे.

माझं ऐकशील तर पहिल्या एपिसोडला एकच प्रसंग घे, सीताहरण. आधी पिंगुळीचा कथेकरी पूर्ण सांगेल, मग नयाचा पटुआ पूर्ण गाईल, खाली मराठी सबटायटल, मधे तुझी कॉमेंट्री नको. तासाभराचा झाला तर होऊ दे. कट करायच्या आधी रॉ फुटेज मला पाठव, आपण एकत्र बसून बघू.

तुझी,
ताई