राखीव बाकावरून : पोर्तुगालची जर्सी आणि आजोबांचा फोटो

फुटबॉल विश्वचषकाचं वारं सुटलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी गुडघेदुखी, आहार आणि शालेय स्पर्धांतलं राजकारण. आता झेंडे, जर्सी आणि देशप्रेम. त्यातली ही काही पत्रं. सगळ्यांची नावं मागे ठेवली आहेत, कारण घराघरांतली भांडणं आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाने चौकात अर्जेंटिनाचा मोठा झेंडा लावलाय. पलीकडच्या गल्लीत ब्राझीलचा आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, परक्या देशाचा झेंडा लावणं हा गुन्हा आहे. आम्ही वाद नको म्हणून शेजारी तिरंगाही लावला. आता तरी ठीक ना?
— एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : तिरंगा लावलात आणि तिथेच फसलात! १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा कायदा तिरंग्याचा, राज्यघटनेचा आणि राष्ट्रगीताचा मान राखण्यासाठी आहे. खेळाच्या कौतुकापोटी अर्जेंटिनाचा झेंडा टांगला म्हणून तो तुमच्या अंगावर येत नाही. पण २००२ ची ध्वजसंहिता सांगते की तिरंग्याच्या वर किंवा त्याच्याहून उंच दुसरा झेंडा नको, आणि ठरावीक प्रसंग सोडले तर शेजारी बरोबरीनेही नको. तिरंग्यावर काही लिहायचंही नाही, मग ते मंडळाचं नाव का असेना. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मेस्सीच्या देशाचा झेंडा दुमजली आणि आपला त्याच्या कोपऱ्याला, रुमालाएवढा, वर मंडळाचं नाव छापलेला. ज्येष्ठांना दाखवायला लावलेला तो तिरंगा सन्मानाने उतरवा. अर्जेंटिना राहू दे. फ्लेक्सला महापालिकेची परवानगी घेतली आहे का, तेही एकदा बघा; नोटीस आली तर त्यासाठी येईल, देशद्रोहासाठी नाही.

बाकी कोल्हापूरची मला काळजी नाही. शारीरिक शिक्षणाचा मास्तर म्हणून आयुष्य इथे गेलं, पेठांच्या सामन्यांत शिट्टीही फुंकली. अर्जेंटिनावाला आणि ब्राझीलवाला पहाटे एकाच गाड्यावर चहा पितात. पण शाहू स्टेडियमवर तालमीतालमींचा सामना लागू दे, सख्खे मावसभाऊ एकमेकांना ओळख देत नाहीत. पायऱ्यांवर हलगी घुमत असते, आणि ज्याच्या नावाने पेठ घसा फोडत असते तो स्ट्रायकर कधी कधी नायजेरियातून आलेला असतो. त्याने गोल केला की खांद्यावर घेऊन मिरवणारे हेच ज्येष्ठ असतात. तेव्हा कुणी त्याचा पासपोर्ट विचारलेला मी तरी ऐकला नाही.

प्रश्न : माझे वडील गोवा मुक्तिसंग्रामात होते, आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. माझा सोळा वर्षांचा मुलगा त्या फोटोखाली पोर्तुगालची सात नंबरची, म्हणजे रोनाल्डोची, जर्सी घालून सामने बघतो. मला बोलताही येत नाही आणि बघवतही नाही. मी जुनाट आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जुनाट नाही. ज्या घरातून माणूस तुरुंगात गेला, त्या घराला तो झेंडा टोचणारच. तुमच्या राज्यानेही हे अनुभवलंय. २०२१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, आग्वादच्या तुरुंगाचं स्मारक-संग्रहालय म्हणून उद्‌घाटन झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस, तिथून जवळच कळंगुटला, रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला आणि लोक काळे झेंडे घेऊन आले. पुतळा बसवणारे म्हणत होते, पोरांना प्रेरणा मिळेल. विरोधकांचा एक मुद्दा मला पटला होता : प्रेरणाच हवी तर ब्रह्मानंद शंखवाळकर काय वाईट? गोव्याचा गोलरक्षक, भारताचा कर्णधार. ब्रुनो कुतिन्हो, समीर नाईक हेही घरचेच. सार्वजनिक जागेत, सार्वजनिक पैशाने पुतळा उभारताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

पण तुमच्या मुलाने पुतळा उभारलेला नाही, जर्सी घातली आहे. दोन्हीला एकच माप लावू नका.

आता एक वर्ष डोळ्यांसमोर आणा : १९६६. इंग्लंडमध्ये विश्वचषक चाललाय. उत्तर कोरियाविरुद्ध तीन गोलांनी मागे पडलेला पोर्तुगाल ५-३ ने जिंकतो, त्यातले चार गोल एकट्या युसेबियोचे. स्पर्धेत सगळ्यांत जास्त, नऊ गोल त्याचे, पोर्तुगाल तिसरा. हा युसेबियो मोझांबिकचा. कर्णधार कोलुनाही तिथलाच. आणि त्याच मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १९६४ पासून सशस्त्र लढा पेटलेला. त्याच वेळी लिस्बनजवळच्या तुरुंगात सांगलीचा एक माणूस होता, मोहन रानडे. गोव्याच्या लढ्यात १९५५ मध्ये पकडलेला. गोवा १९६१ मध्ये मोकळा झाला, रानडे सुटले १९६९ मध्ये. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट एका हाताने वसाहतीतल्या पोरांचे गोल मिरवत होती आणि दुसऱ्या हाताने वसाहतींचा गळा आवळत होती. तुमच्या वडिलांचं भांडण होतं ते त्या राजवटीशी.

ती राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली, तीही पोर्तुगालच्याच सैनिकांनी पाडली. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पुढे ज्या देशाचा पंतप्रधान आठ वर्षांहून जास्त काळ मडगावच्या घराण्यातला, अंतोनियो कोस्ता, होता, तो देश आणि सालाझारचा देश यांत फरक आहे. २०१६ चा युरो चषक त्यांना मिळाला तो एडेरच्या गोलवर. रोनाल्डो दुखापतीने केव्हाच बाहेर गेला होता. एडेरचा जन्म गिनी-बिसाऊचा, म्हणजे आणखी एका जुन्या वसाहतीचा.

तुमच्या भागात दुसरा एक विषय नाजूक आहे, म्हणून लिहून ठेवतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. जर्सी घातली तर पोराच्या खात्यातले हजारभर रुपये जातात, बाकी काही नाही. आणि फुटबॉल ही पोर्तुगीजांची देणगी असंही समजू नका. गोव्यात तो १८८३ च्या सुमारास शिवोलीला आणला विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्र्याने.

मग करायचं काय? जर्सी काढ म्हणू नका; तो काढेल आणि मित्राच्या घरी जाऊन घालेल. त्याला आग्वादला घेऊन जा. भाषण देऊ नका, आजोबा किती दिवस आत होते, काय खायला मिळायचं, घरी पत्रं कशी यायची, एवढं सांगा. या गोष्टी त्याला ठाऊक असतील आणि तरी तो रोनाल्डोसाठी ओरडत असेल, तर माझी हरकत नाही. ठाऊक नसतील, तर चूक जर्सीची नाही. एकच अट घाला : १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, ती जर्सी कपाटात. एवढं सोळा वर्षांच्या पोराला कळतं.

प्रश्न : मी इंग्लिश लीग रात्र रात्र जागून बघतो. भारताचे सामने बघवत नाहीत. मित्र म्हणतो, तू मनाने गुलाम आहेस. तुमचं मत?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मित्राला सांगा, शब्द जपून वापर. चांगला खेळ जिथे आहे तिथे डोळे जाणारच.

पण एक प्रसंग ऐका. १ जून २०१८, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक. बघायला माणसं अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक व्हिडिओ टाकला. युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना तो म्हणाला, आमचा दर्जा त्यांच्याइतका नाही हे मान्य. पण या, शिव्या द्या, टीका करा, फक्त मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा. तिकिटं संपली, पाऊस कोसळत होता, लोक भिजत उभे होते. भारत ३-० ने जिंकला, दोन गोल छेत्रीचे.

त्या गर्दीतले बरेचजण मँचेस्टर आणि बार्सिलोनाच्या जर्सीचे मालक असणार. त्यांचं काही बिघडलं नाही. तुमच्या पुण्यातच अराता इझुमी नावाचा खेळाडू पुणे एफसीकडून खेळायचा. आई जपानी, वडील भारतीय वंशाचे, जन्म जपानचा. भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. त्याला बघायला बालेवाडीत किती पुणेकर गेले होते, ते मित्राला विचारा. तोही गेला नसेल, तर गुलामगिरीवरचं व्याख्यान तुमच्यापुरतंच कशाला?

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. मुलगी इथेच जन्मली, अकरा वर्षांची आहे. पॅरिस ऑलिम्पिकच्या हॉकीत जर्मनीने उपान्त्य फेरीत भारताला ३-२ ने हरवलं, तेव्हा ती उड्या मारत होती आणि व्हिडिओ कॉलवर सांगलीचे आजोबा होते. त्यांनी फोन ठेवला. फुटबॉलमध्ये ते तिला काही म्हणत नव्हते. आता ती विचारते, मी कोणाची?
— एक आई

उत्तर : फुटबॉलमध्ये आजोबा गप्प होते, कारण तिथे समोर भारत नव्हता. हॉकीत होता. त्यांचं दुखणं खरं आहे. पण त्यांना सांगा, ही परीक्षा जुनी आहे आणि ती घेणाऱ्यांची नावं फारशी चांगली नाहीत. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या ब्रिटिश नेत्याने विचारलं होतं की इंग्लंडमध्ये राहणारे आशियाई लोक क्रिकेटमध्ये कोणासाठी टाळ्या वाजवतात. तेव्हा लंडनमधल्या आपल्याच माणसांकडे बोट होतं आणि आपण सगळे चिडलो होतो. तेच बोट आता आजोबांनी नातीकडे का करावं?

तुम्ही राहता त्या देशात दुसऱ्या बाजूचाही अनुभव आहे. तुर्की वंशाचा फुटबॉलपटू मेसुत ओझिल जर्मनीतच, गेल्सनकिर्शेनला जन्मला, २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांसोबतच्या फोटोवरून वादळ उठलं, त्यात संघ गटातच गारद झाला. राजीनाम्यात त्याने लिहिलं : जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. हे तुमच्या मुलीच्या वाट्याला कधी तरी, शाळेत का होईना, येऊ शकतं. त्या दिवशी तिला सांगलीचं घर लागेल. फोन ठेवणारं घर नव्हे, उचलणारं.

आणि तिला बोआटेंग भावांची गोष्ट सांगा. दोघे बर्लिनचे, वडील एकच, घानाचे. जेरोम जर्मनीकडून खेळला, केव्हिन-प्रिन्स घानाकडून. २०१० आणि २०१४ च्या विश्वचषकांत ते समोरासमोर आले. पहिला सामना जर्मनीने १-० ने घेतला, दुसरा २-२ असा सुटला.

कागदोपत्री मात्र गंमत नाही, ते आत्ताच माहीत असू द्या. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, भारताने दिलेली नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डावर, भारताच्या संघाकडून खेळता येत नाही. ती हॉकी खेळतच असेल आणि चांगली खेळत असेल, तर केव्हा तरी एक पासपोर्ट निवडावा लागेल. नुसती बघत असेल, तर ‘मी कोणाची’ या प्रश्नाला अकराव्या वर्षी उत्तर द्यायची सक्ती नाही. आजोबांना पुढच्या सामन्याच्या आधी फोन लावा, सामना चालू असताना नको.

प्रश्न : १९५० मध्ये अनवाणी खेळायला मनाई केली म्हणून भारत विश्वचषकाला गेला नाही, हे खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगायला छान, पण कारण ते नव्हे. इतर संघांनी माघार घेतल्यामुळे ब्राझीलमध्ये होणाऱ्या त्या विश्वचषकातली जागा आपल्याला आयती मिळाली होती. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं की बुटांची सबब होती. आपल्या महासंघाला ऑलिम्पिक मोठं वाटायचं, विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं. अनवाणी आपण खेळलो ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, आणि फ्रान्सकडून २-१ ने हरलो. दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. बूट आले ते १९५२ च्या हेलसिंकीनंतर. तिथे युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं होतं.