पंजाबरावांवर भाषण लिहिणाऱ्या पोराला

बाबू, भाऊसाहेबांचं, म्हणजे पंजाबराव देशमुखांचं, नाव नेटवर नुसतं टाकलंस तर जयंतीचे बॅनर अन् शुभेच्छाच निघतील. आधी मराठी विश्वकोश उघड. जन्म 1898, गाव पापळ, 1952 ते 1962 केंद्रात कृषिमंत्री, एवढा सांगाडा पक्का कर. मग संविधान सभेतल्या चर्चा वाच, संसदेच्या डिजिटल लायब्ररीत आहेत. तिथं 'पंजाबराव' शोधत बसू नको, इंग्रजीत 'पी. एस. देशमुख' टाक. मी दोन रात्री उगाच घालवल्या होत्या. सापडलं की माणूस शेतकऱ्यासाठी कसा भांडत होता ते त्याच्याच तोंडून वाचायला मिळतं. त्याची सर कोणत्याच लेखाला नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं वाक्य मात्र 'भाऊसाहेब म्हणाले' म्हणून ठोकू नको. एकदा मी तसंच ठोकलं, अन् पारावरच्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "कुठं म्हणाले, केव्हा?" कपाशीच्या बोंडासारखं तोंड मिटलं माझं.

उद्या वसंतराव नाईकांवर बोलायचं झालं तर त्यांचंही तेच. 1963 ते 1975 मुख्यमंत्री, पण गुणगान करणारा अन् टीका करणारा, दोन्ही लेख वाच. पीडीएफ जड असते, पहाटे रेंज बरी असते तेव्हा उतरवून ठेव.