चित्रातल्या घोड्याचे पाय जमिनीवर कसे टेकतील?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला शेतकरी आहे आणि शेतीची कामे सांभाळून तैलरंगात बैल, घोडे आणि शिवार रंगवतो. छायाचित्र समोर ठेवून काढलेला माझा घोडा बिनचूक असतो, तरी तो हवेत तरंगल्यासारखा दिसतो. शिवाय नांगरट दाखवताना जाड लावलेल्या रंगाला काही महिन्यांत भेगा पडतात. फ्रेंच चित्रकार रोझा बोनर यांच्याबद्दल पुष्कळ ऐकले आहे. त्यांच्या कामातून मला काय घेता येईल?

उत्तर : आपण अगदी योग्य नाव घेतले आहे. रोझा बोनर (१८२२–१८९९) यांचे ‘घोडेबाजार’ हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद अशा त्या कॅनव्हासवर दांडग्या पर्शेरॉन जातीचे घोडे धूळ उडवत वळसा घेताना दिसतात. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर रुग्णालयाच्या जवळ हा बाजार भरत असे, आणि त्या रुग्णालयाचा घुमट चित्रात डावीकडे मागे दिसतोही. १८५१ च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ दीड वर्ष बोनर आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन रेखाटने करत राहिल्या. बाजारातल्या पुरुषांच्या गर्दीत कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून त्या पुरुषी पोशाख करत. त्या काळी पॅरिसमध्ये स्त्रीला त्यासाठी पोलिसांचा परवाना लागत असे आणि तो त्यांनी रीतसर मिळवला होता. जनावरांची हाडे आणि स्नायू समजून घेण्यासाठी त्या कत्तलखान्यांतही जात असत. एका चित्रासाठी एवढे कष्ट उपसणाऱ्या या बाईंविषयी मला अपार आदर वाटतो.

आपल्या अडचणीचे मूळ मला छायाचित्रातच दिसते. दुडक्या चालीत घोडा पुढचा एक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा एक असे पाय जोडीने टाकतो, आणि एक जोडी उचलून दुसरी टेकेपर्यंत क्षणभर त्याचे चारही पाय खरोखरच अधांतरी असतात. कॅमेरा नेमका तो क्षण पकडतो, पण त्याच्या आधी खांद्यावर आलेला भार आणि नंतर खुराला बसणारा दाब त्यात येत नाही. मायब्रिज यांची धावत्या घोड्यांची प्रसिद्ध छायाचित्रे १८७८ ची आहेत, तर ‘घोडेबाजार’ १८५३ मध्येच प्रदर्शनात मांडला गेला होता. बोनर यांना ही चाल डोळ्यांनीच वाचावी लागली, आणि म्हणूनच त्यांच्या घोड्यांचे वजन आपल्याला जाणवते असे मला वाटते.

तेव्हा काही दिवस रंग बाजूला ठेवा आणि गावातल्या एखाद्या घोड्यापाशी वही घेऊन उभे राहा. उभ्याउभ्या विसावा घेताना तो मागचा एक पाय सैल सोडतो आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो. अंगाचा भार कोणत्या पायांवर आहे हे तिथे स्पष्ट कळते. आधी तेवढीच एक रेषा काढा. आयाळ, लगाम आणि डोळ्यातली चमक यांना नंतर भरपूर वेळ आहे. रंगवताना टेकलेल्या खुराची सावली खुराला अगदी चिकटून येऊ द्या, कारण मध्ये बोटभर उजेड राहिला तरी घोडा पुन्हा वर उचलला जातो.

नांगरटीसाठी बोनर यांचे १८४९ चे ‘निव्हेर्ने प्रांतातील नांगरणी’ हे चित्र अवश्य पाहा. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सहा-सहा बैलांचे दोन नांगर चढ चढत आहेत, बैलांना आपल्या खिल्लारसारखे वशिंड नाही, आणि एका बैलाचा डोळा थेट आपल्याकडे वळलेला आहे. तरीही माझी नजर दर वेळी पुढच्या ताज्या तासांवरच खिळते, कारण ढेकळांचा ओलावासुद्धा तिथे दिसतो.

आता भेगांविषयी. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. म्हणून पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ लावा, पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवत न्या, आणि ढेकळांचा जाड रंग खालचा थर पुरता वाळल्यावर सर्वांत शेवटी चढवा.