उसातला साप, प्रयोगशाळेतला उंदीर: नव्या संशोधनावर तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो, 'हे आपल्याकडं कधी मिळणार?' नव्या औषधाची बातमी ऐकल्यावर हा प्रश्न मनात येणारच. मी मात्र आधी दुसरंच विचारते: हे कोणावर करून पाहिलं? उंदरांवर, पन्नास माणसांवर की लाखभर माणसांवर? आजची उत्तरं त्या अंगाने वाचा.

प्रश्न: आमच्याकडं उसाला पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं, लाईट तेव्हाच असते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या पोराला घोणस चावली, महिनाभर दवाखान्यात होता. सगळ्या सापांवर एकच औषध निघालंय असं मोबाईलवर बघितलं. ते आपल्या सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) कधी येणार? (शेतकरी, शिरोळ तालुका)

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घेतला, कारण हा आपल्या मातीतला आजार आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली आणि कामाच्या वयाची.

तुम्ही पाहिलेली बातमी मे २०२५ मधली असणार. अमेरिकेतल्या टिम फ्रीडी नावाच्या माणसाने जवळजवळ १८ वर्षं वेगवेगळ्या विषारी सापांचं विष थोडं थोडं करून स्वतःला टोचून घेतलं, सापांकडून चावूनही घेतलं. (कोणीही याची नक्कल करू नये. तो एकदा मरता मरता वाचला आहे.) त्याच्या रक्तातून शास्त्रज्ञांनी दोन प्रतिपिंडं (विषाला अडवणारी प्रथिनं) वेगळी काढली आणि त्यांना वरेस्प्लाडिब नावाच्या रसायनाची जोड दिली. या मिश्रणाने १९ जातींच्या सापांच्या विषापासून उंदरांना वाचवलं. त्यातल्या १३ जातींत पूर्ण संरक्षण मिळालं, उरलेल्या ६ जातींत अर्धंमुर्धं.

आता तुमच्या कामाचं सांगते. ते सगळे १९ साप नाग-मण्यारच्या कुळातले होते. घोणस आणि फुरसे वेगळ्या कुळातले. नाग-मण्यारचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर घाला घालतं, पापण्या मिटू लागतात, श्वास बंद पडतो. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडं निकामी करतं. तुमच्या शेजारच्या पोराला जे झालं त्यावर हे नवं औषध अजून उंदरांतही तपासलेलं नाही. ते सीपीआरला यायला बरीच वर्षं आहेत, आणि आलं तरी उसातल्या घोणशीवर ते चालेलच असं आज म्हणता येत नाही.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाचं काम. आपण ज्याला 'सापाची लस' म्हणतो ती लस नव्हे, घोड्यांच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर ते चालतं. त्यासाठी लागणारं विष बरीच वर्षं मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आलं. पण एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं, आणि त्यामुळे तेच प्रतिविष सगळीकडे सारखं चालत नाही, हे या गटाने दाखवून दिलं. त्यावरचा उपाय म्हणजे त्या त्या भागातल्या सापांचं विष वापरून केलेलं प्रतिविष. बातमी म्हणून हे चमकदार नाही, पण माणसं वाचतील ती अशाच कामाने.

तोवर हाताशी असलेलं प्रतिविष वेळेत मिळणं हेच खरं औषध. आवळपट्टी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी आधी काढा, कारण सूज आली की ती रुततात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा, आणि प्रतिविष कुठे आहे ते विचारून थेट तिथेच जा. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन 'कडू लागतंय, म्हणजे विष चढलं नाही' असं म्हणत तास घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली काही दवाखान्यात पोचली तेव्हा लघवी बंद झाली होती. साप पकडून आणायचीही गरज नाही. काचेच्या स्वच्छ नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. ते गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय हे डॉक्टरांना कळतं.

मण्यारबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे नुसतं पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांना हे सांगा आणि शक्य तर त्यांना बाजा आणि मच्छरदाण्या द्या. तुम्ही स्वतः पाणी पाजायला जाताना गमबूट आणि बॅटरी विसरू नका.

प्रश्न: वय ४६, वजन ११८. तालीम सोडून पंधरा वर्षं झाली पण खुराक सुटला नाही. शुगर नाही, हार्टचं काही नाही. वजन उतरवायचं इंजेक्शन घ्यावं काय? त्याने हार्ट अटॅकपण टळतो म्हणतात. (माजी पैलवान, गंगावेस)

ही औषधं खरंच काम करतात, हे आधी मोकळेपणाने सांगते. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो. पण ते रक्तात काही मिनिटंच टिकतं. अमेरिकेतल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखंच, पण जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यातून २००५ मध्ये या प्रकारचं पहिलं औषध आलं, मधुमेहासाठी. आजचं वजन उतरवायचं सेमाग्लुटाइड त्याच वाटेवरचं, आठवड्यातून एकदा टोचायचं.

हार्ट अटॅकची गोष्ट २०२३ च्या एका मोठ्या चाचणीतून आली. १७,६०४ माणसं होती, सरासरी सुमारे ४० महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. तुम्ही ऐकला तो आकडा हाच. पण तो उलगडून पाहा. औषध नसलेलं साधं इंजेक्शन घेणाऱ्या १०० जणांत ८ जणांना असं काही झालं, औषध घेणाऱ्या १०० जणांत साडेसहा जणांना. म्हणजे शंभरामागे दीड माणूस वाचला. हा फायदा लहान नाही. पण त्या चाचणीतल्या प्रत्येकाला आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता. तुम्हाला तो नाही, म्हणून तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.

औषध थांबवलं की वजन परत येतं. एका चाचणीत उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग औषध थांबवल्यावर वर्षभरात परत आला. आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात. लाल मातीत कमावलेलं अंग असं घालवू नका. इंजेक्शन घ्यायचं ठरलं तरी जोर-बैठका सोडायच्या नाहीत.

आधी रक्तदाब, साखर, चरबी आणि यकृत तपासून घ्या. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. जिममधल्या मित्राकडून कुपी घेऊ नका. आणि खुराकाचं म्हणाल तर रोज चार तास मेहनत करणाऱ्याचं दूध-तूप-बदाम दुकानात बसणाऱ्याला झेपत नाही. तालमीतल्या कुठल्याही वस्तादाने तुम्हाला हेच सांगितलं असतं.

प्रश्न: मला तीन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. आता यजमान विसरू लागले आहेत. नागिणीची लस घेतली तर स्मृतिभ्रंश टळतो असं वाचलं. त्यांना द्यावी का? (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

बाई, तुम्ही वाचलेलं संशोधन मला फार आवडलं, ते त्याच्या मांडणीमुळे. एरवी लस घेणारी माणसं मुळातच तब्येतीला जपणारी असतात, त्यामुळे फायदा लशीचा की स्वभावाचा ते कळत नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली तेव्हा सरकारने एक रेघ आखली. २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. आठवडाभराच्या अंतराने जन्मलेली माणसं, एकाला लस, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं सारखंच. दोन लाख ८० हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. सात वर्षांत लस घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला, बायकांमध्ये फायदा जास्त. हा निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

कांजिण्यांचा विषाणू आयुष्यभर मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून असतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. तो अधूनमधून जागा होण्याने मेंदूला सूज येत असावी, असा एक अंदाज आहे. मात्र वेल्समधली लस जिवंत विषाणूची होती. आपल्याकडे २०२३ पासून मिळते ती वेगळ्या पद्धतीने केलेली, दोन डोसांची. नागीण टाळायला ती उत्तम आहे. पन्नाशीनंतर ऐपत असेल तर घ्यावी, तुम्हीही घेऊ शकता. पण विसरणं थांबवायचं औषध म्हणून यजमानांना देऊ नका.

त्यांचं बी-१२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासा. ऐकू नीट येतं का तेही पाहा. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्प होतो, घरच्यांना वाटतं विसरला. मन उदास आहे का, याचीही चौकशी हवी. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

प्रश्न: सतरा वर्षांच्या भाच्याला ब्लड कॅन्सर आहे. मुंबईत पेशी बदलून बरं करतात, चाळीस लाख लागतात म्हणे. घर विकावं का? (इचलकरंजी)

आज घर विकू नका. तुम्ही म्हणता तो उपचार म्हणजे कार-टी. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयातल्या संशोधनातून तयार झालेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे चाळीस लाखांच्या आसपास. चाचणीत ५१ पैकी ३७ रुग्णांनी, म्हणजे ७३ टक्क्यांनी, प्रतिसाद दिला. पण तो ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगालाच चालतो, आणि तोही नेहमीची केमोथेरपी हरल्यावर किंवा रोग उलटल्यावर. पत्रात तुम्ही प्रकार लिहिलेला नाही. रिपोर्टवर 'बी-सेल' (हा उपचार चालतो तो प्रकार) आहे का ते डॉक्टरांना विचारा, आणि सुरू असलेली केमोथेरपी एकही फेरी न चुकवता पुरी करा.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस द्यायची आहे. आमचे डॉक्टर दोन डोस म्हणतात, मोबाईलवर एकच पुरे म्हणतात. खरं काय? माझं वय ३८, मला चालेल का तेही सांगा. (कसबा बावडा)

ताई, एका डोसाची गोष्ट आपल्याच देशातली आहे. २००९ मध्ये पुणे, मुंबई, बार्शी, अहमदाबाद अशा ठिकाणी मुलींवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच पाहायचं होतं. २०१० मध्ये दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून देशभर वाद पेटला आणि सरकारने असं सगळं लसीकरण थांबवलं. पुढे ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण या अभ्यासातल्या जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी काम गुंडाळलं नाही. त्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, तरी वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन त्यांच्या तपासण्या घेत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. दहा वर्षांपर्यंत एका डोसाने, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूच्या सर्वात घातक दोन प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग ९५ टक्के टाळला, तीन डोसांइतकाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोस चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. घरोघर फिरलेल्या त्या आरोग्यसेविकांची नावं कुठे छापून आली नाहीत, याची मला खंत वाटते.

तुमचे डॉक्टरही चुकीचे नाहीत. तो अभ्यास परदेशी लशीवर झाला. पुण्यात तयार होणाऱ्या सर्व्हाव्हॅकला ९ ते १४ वयासाठी दोन डोसांची मान्यता मिळाली. त्यामुळे ती लस घेणार असाल तर दोन डोस द्या. परवडत नसेल तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. दोन की एक, या घोळात लस राहून जाणं मात्र सर्वात वाईट.

आता तुमचं. वयाच्या ३८ व्या वर्षी लशीचा फायदा कमी, कारण विषाणूशी गाठ बहुधा आधीच पडून गेलेली असते. तुम्हाला हवी ती तपासणी. आताचा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, तिथे ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने अभ्यास केला. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी झालेल्या बायकांच्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, त्यावर पुढे जोरदार टीका झाली. ती टीका मला पटते. त्यातल्या काही जणी वाचू शकल्या असत्या.

भारतात दरवर्षी सुमारे ८० हजार बायका या आजाराने जातात. त्रास नाही, अंगावरून जात नाही, मग कशाला तपासायचं, असं माझ्यासमोर बसून रोज कोणीतरी म्हणतं. या आजारात त्रास सुरू होतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. मुलीला लस द्यायला जाल त्याच दिवशी तुमचाही नंबर लावा, आणि थोरल्या जावेला नि नणंदेलाही बरोबर घेऊन जा.