लंडनच्या नळाचे पाणी, जिप्सम आणि एक जुना वाद

आपण विचारले आहे की लंडनच्या नळाच्या पाण्यात फिकट एल, म्हणजे फिकट माल्टची बिअर, करताना 25 लिटरला किती जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालावे. माझे उत्तर 5 ग्रॅम असे आहे. परंतु पाण्याची अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटमुळे आम्लाला दाद न देण्याची ताकद, आधी उतरवली नसेल तर ते जिप्सम जवळजवळ वाया जाईल, आणि हीच गोष्ट मी एका स्नेह्यांना आठ वर्षे पटवून देत आहे.

मी तासगावकडचा, द्राक्षबागेच्या घरातला. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर बसला की आम्ल सोडावे लागते आणि फवारणीच्या पाण्याचा सामू (pH) आधी खाली आणावा लागतो, या गोष्टी शाळेत दुष्फेन पाण्याचा धडा येण्यापूर्वीच मला ठाऊक होत्या. तरीही लंडनमध्ये प्रथम घरी बिअर केली तेव्हा मी या स्नेह्यांचे ऐकले, कारण ते माझ्या कितीतरी आधीपासून बिअर करीत होते. त्यांचा सिद्धांत असा, की इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावची फिकट एल तिथल्या विहिरींतल्या जिप्सममुळे नावारूपाला आली, तेव्हा आपल्या पाण्यात जिप्सम टाकले की आपल्या घरीही तीच एल होणार. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन चमचे, म्हणजे सुमारे 8 ग्रॅम, माझ्या 25 लिटर पाण्यात टाकले.

ती बिअर चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळावा तशी तुरट झाली आणि तिला जखमेवरच्या औषधी पट्टीचा वास येत होता. वासाचे कारण नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून असलेले क्लोरामाइन. त्याच्यामुळे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि यीस्टकडून आलेल्या फिनॉलांची क्लोरोफिनॉले होतात आणि ती अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात. साधे क्लोरीन भांडे रात्रभर उघडे ठेवल्याने बरेचसे उडून जाते, क्लोरामाइन तसे जात नाही. त्यासाठी मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, अर्धी गोळी 25 लिटरला पुरते. तुरटपणाचे मूळ मात्र निराळे होते. पुढच्या खेपेस त्याच पाण्याने, तेवढ्याच जिप्समसह, मॅश केले, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवला, आणि नमुना गार करून सामू मोजला, तर तो 5.8 निघाला. हवा होता 5.2 ते 5.5. सामू चढलेला असला की धान्याच्या टरफलांतली तुरट टॅनिने वर्टमध्ये, म्हणजे मॅशमधून निघालेल्या गोड रसात, उतरतात. सामूचे मोजमाप सोरेनसेन यांनी 1909 मध्ये मांडले ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच घरात. आणि आमचे स्नेही सामूमापकाला खेळणे म्हणतात.

हिशेब अवघड नाही. 8 ग्रॅम जिप्सममुळे 25 लिटर पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे 75 मिलिग्रॅम वाढते. ते माल्टमधल्या फॉस्फेटशी संयोग पावून सामू थोडा उतरवते, पण त्याचा प्रभाव अल्कता लिटरमागे जेमतेम 50 मिलिग्रॅमने कमी झाल्याइतकाच असतो. माझ्या नळाच्या पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. एवढ्या अल्कतेपुढे दोन चमचे जिप्समचे काय चालणार?

स्नेह्यांनी यावर आपली स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आणून दाखवली. तेच पाणी, तेच जिप्सम, आणि बिअर खरोखर उत्तम होती, हे मला मान्य करावे लागले. परंतु तिचे श्रेय जिप्समचे नाही. करपेपर्यंत भाजलेले बार्ली आम्लधर्मी असते आणि पाण्यातली अल्कता तेच खाऊन टाकते. डब्लिनच्या पाण्यात काळी स्टाउट जमली त्याचे कारण हेच सांगतात. फिकट माल्टमध्ये एवढे आम्ल नसते, म्हणून ते काम आपल्याला करावे लागते. हे मी त्यांना निदान चार वेळा सांगितले आहे.

आता आपल्या पाण्याकडे येतो. अल्कता 250 वरून 50 वर केवळ आम्लाने आणायची तर 25 लिटरला 88 टक्के लॅक्टिक आम्ल साडेआठ मिलिलिटरच्या आसपास लागते आणि एवढे आम्ल चवीत जाणवू शकते. म्हणून मी आदल्या रात्री पाणी पंधरा-वीस मिनिटे खळखळून उकळतो, गार होऊ देतो आणि तळाशी बसलेला चुना न हलवता वरचे निवळ पाणी काढून घेतो. राहिलेल्या अल्कतेला एक-दोन मिलिलिटर आम्ल पुरते, मात्र ते मॅशचा सामू पाहूनच थेंबाथेंबाने घालावे. उकळताना चुन्याबरोबर कॅल्शियमही जाते. ते भरून काढायला आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा स्वच्छ लागावा म्हणून सल्फेट द्यायला वर सांगितलेले 5 ग्रॅम जिप्सम घालायचे. माल्टची गोलाई अधिक हवी असेल तर निम्म्या जिप्समऐवजी कॅल्शियम क्लोराइड वापरावे.

पाणी कंपनीच्या अहवालात बहुधा पाण्याचा जडपणा (दुष्फेनपणा) ठळक दिलेला असतो; तो म्हणजे अल्कता नव्हे. बायकार्बोनेटचा आकडा दिला असेल तर त्याला 0.82 ने गुणावे. आणि हे मी आधीच लिहायला हवे होते: आपण धान्य मॅश न करता डब्यातला माल्ट अर्क वापरत असाल, तर कॅम्पडेनच्या गोळीपलीकडे यातले बहुतेक काही करावे लागणार नाही, कारण मॅश कारखान्यात आधीच झालेले असते आणि त्यांच्या पाण्यातले क्षार अर्काबरोबर डब्यात आलेले असतात.